टाकेवाली वहिनी

एका बाईच्या पोटातला छेद उभा आहे की आडवा, हे मी तिच्या घरच्यांना छातीठोकपणे सांगितलं, आणि ते साफ चूक निघालं. मी डॉक्टर नव्हतो, कंपाउंडर नव्हतो, त्या बाईचा नवराही नव्हतो. जऊळक्याच्या स्टेशनापासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात चौथीपर्यंतच्या शाळेचा मी मास्तर होतो. वय एकवीस, लग्नाचा पत्ता नाही, आणि मॅट्रिकला शरीरशास्त्र हा विषय घेतलेला. आमच्या त्या पुस्तकात माणसाचं शरीर डोक्यापासून सुरू होऊन जठरापाशी थांबे आणि एकदम गुडघ्यापासून पुढे चालू होई. मधल्या मुलखाची मला कितपत माहिती असेल, ते यावरून समजून घ्यावं.

ती बाई म्हणजे माझी घरमालकीण. सगळं गाव तिला टाकेवाली म्हणे. तिच्या नवऱ्याला मी भाऊ म्हणत असे, म्हणून ती माझी टाकेवाली वहिनी. पहिल्या दिवशी मी ट्रंक घेऊन ओसरीवर उभा होतो, तेव्हा तिनं आपली ओळख आपणच करून दिली.

"या गुर्जी. मी टाकेवाली. अकोल्याले माहं पोट फाडून पोरगी काढली. कोनी ना कोनी तुमाले सांगनच, म्हनून मीच सांगून टाकतो."

मी वाशीमचा, म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे शहरातला. आमच्याकडे बायका असलं काही बोलत नसत. मी ट्रंकेच्या कडीकडे पाहत "बरं बरं" म्हणालो. तिनं झटकन पोटावर तळहात दाबला आणि ती हसली.

हा तळहात म्हणजे वहिनीची खूण. अकोल्याच्या दवाखान्यात पहिले काही दिवस तिला सांगितलं होतं की हसताना, खोकताना, उठताना हातानं पोट आवळून धरायचं, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. टाके वाळले, त्यांचा वण झाला, पोरगी चालायला लागली, पण वहिनीची सवय गेली नाही. हसू यायच्या आधी हात पोटावर जायचा. मी ओसरीत काही बोलायला लागलो आणि तिचा हात खाली सरकताना दिसला, की आपण काहीतरी मूर्खासारखं बोलतो आहोत हे मला तोंडातलं वाक्य पुरं व्हायच्या आत कळे. माझ्या बोलण्याची इतकी तत्पर तपासणी पुढे कुठल्या साहेबानंही केली नाही.

टाक्याबद्दल ती घरातल्या एखाद्या खोडकर माणसाबद्दल बोलावं तसं बोले. ढग दाटून आले की वण खाजे. मग ती म्हणे, "आज थो बोलून राह्यला वो. वाळवन आत घ्या." शेजारपाजारच्या बायका तिच्या बोलण्यावर खरोखरच मिरच्या गोळा करीत. पाण्याची घागर उचलताना तो ओढला गेला की "रुसला". वणाच्या एका अंगाला बोटभर जागा कायमची बधिर झालेली होती, तिथं चिमटा काढला तरी कळत नसे. तिच्याबद्दल वहिनी म्हणायची, "थे जागा माही नाई. थे डाक्तरनीची हाये. तिनं येऊन घेऊन जावं." आणि लुगड्याची गाठ नेमकी वणावर येऊन काचते म्हणून सगळ्या गावात ती एकटी गाठ डाव्या कुशीला बांधे. पहिल्यांदा बायका त्याला हसल्या. दोन वर्षांनी पाहतो तर तिच्या वयाच्या तीन-चार जणींची गाठ डावीकडे सरकलेली. त्यांच्या पोटाला सुईसुद्धा लागली नव्हती.

त्या भागात पोट फाडून बाळंत झालेली आणि जिवंत घरी आलेली अशी ती एकटीच होती. लेकुरवाळ्या बाया खारीक-खोबरं घेऊन तिला पाहायला येत. एक जण हमखास विचारायची, "काहून वो, वाकलं त उसवत नाई ना?" वहिनी लगेच उभी राहायची, कमरेत वाकून जमिनीवरचा खडा उचलायची आणि तो त्या बाईच्या हातात द्यायची.

यामागे एक दुःख होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. भाऊंच्या थोरल्या भावाची बायको बाळंतपणातच गेली होती. दोन दिवस घरात कळा सोसल्या, तिसऱ्या दिवशी गाडी जुंपली, आणि स्टेशन दिसायच्या आत सगळं संपलं. त्यानंतर वहिनीच्या वेळी मूल पोटात आडवं आहे असं सुईण म्हणाली मात्र, भाऊंच्या आईनं कुणाचं ऐकलं नाही. ही आई म्हणजे आमची बुढी. तिला सारा गाव बुढीच म्हणे आणि तिलाही ते आवडे. बुढीनं सुनेला बैलांच्या दमणीत घातलं, जऊळक्याला आगगाडी पकडली आणि थेट अकोला गाठलं. महिन्यानं टाके घातलेली सून परत आली, तेव्हा या बाळंतिणीला शेकावं की नाही, पोट बांधावं की नाही, हे त्या खमक्या बाईला उमगेना. तिनं चाळीस दिवस तिला नुसतं खाऊ घातलं आणि उंबऱ्यात बसून राहिली.

वहिनीच्या हाताला दुसरं काम नसलं की वाकळ असे. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे यांचे थर लावून ती वाकळ शिवायची. धावदोरा असा सरळ, की मी वर्गात पट्टी लावून रेघा मारीत असे त्यांना लाज वाटावी. मी तिच्या ओसरीत अनेक संध्याकाळी तिची सुई पाहत घालवल्या. त्यातून काही शिकलो असतो तर पुढचा घोटाळा झाला नसता.

घोटाळा झाला तो असा. कापूस वेचणीचे दिवस. एका संध्याकाळी भाऊ दवाखान्याचा एक घडी घातलेला कागद घेऊन माझ्यासमोर बसले. बुढी खांबाला टेकलेली, शेजारच्या दोघी जणी आलेल्या, वहिनी दिव्याच्या वातीजवळ वाकळ घेऊन बसलेली. भाऊ मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी घसा साफ केला.

"गुर्जी, सुट्टी देताना डाक्तरनीबाई म्हने का आतला काप आडवा असला त बरा. उभा असला त दुसऱ्या खेपेले कळांनी उसवाची भीती. आता इचा कोनता, थे या कागदात हाये म्हने. वाचा."

कागद इंग्रजीत होता. सगळ्या गावात इंग्रजी येणारा मी एकटा, आणि ही गोष्ट गावानं विसरू नये याची मी काळजी घेत असे. अक्षर असं होतं की सापडेल त्या शब्दावर समाधान मानावं. 'आडवा' या अर्थाचा शब्द मला स्वच्छ लागला. त्याच्या खाली शाईनं काढलेलं एक लहानसं चित्र होतं. एक फुगीर आकार, वर रुंद, खाली निमुळता. दोन्ही बाजूंना दोन हात पसरलेले. खालच्या अंगाला एक आडवी रेघ. मी ते चित्र दिव्याजवळ धरलं, लांब धरलं, तिरपं धरलं.

"हे पोट," मी म्हणालो. "हे दोन हात. डोकं काढायचं डॉक्टरीणबाई विसरलेल्या दिसतात. आणि ही रेघ आडवी. वहिनी, तुमचा टाका कसा आहे?"

"उभा," वहिनी म्हणाली. "बेंबीपासून खाली, वीतभर."

"मग हा कागद तुमचा नाहीच! दवाखान्यानं दुसऱ्या कुणा बाईचा कागद तुम्हाला दिलाय."

भाऊंनी वाकून कागदाकडे पाहिलं. मग बुढीनं विचारलं, "मंग हिचा आतला कसा असन?"

इथं तरी मी थांबायचं. पण समोर पाच माणसं, हातात इंग्रजी कागद, आणि पाठीशी मॅट्रिकचं शरीरशास्त्र. "आजी, टरबूज कापलं तर साल उभी आणि गर आडवा असा कापला जातो का? वर उभा तर आतही उभाच," मी म्हणालो. टरबुजाच्या दाखल्यावर मी स्वतःच इतका खूष झालो, की वहिनीची सुई थांबली आहे हे दिसूनही मला त्यात काही वाटलं नाही. सुई वाकळीत खोचून ती उठली आणि घरात गेली. बुढी भाऊंकडे पाहत हळूच म्हणाली, "मंग आता हिले पुन्हा पोर नाई होऊ द्याचं." भाऊ जमिनीकडे पाहत होते. शेजारच्या दोघींपैकी एकजण कुजबुजली, "म्हंजे दुसरी कराव लागन काय वो?" बुढीनं तिच्याकडे असं पाहिलं की ती उठून घरी गेली.

माझं कर्तव्य मात्र संपलं नव्हतं. कोण्या बिचारीचा कागद आपल्याकडे राहून गेला, तो तिला पोचायला हवा, या विचारानं मी सकाळी पोस्टात जाऊन तो दवाखान्याला परत पाठवला. सोबत दीड पानी इंग्रजी पत्र. त्यात त्यांच्या निष्काळजीपणाबद्दल मी दोन कडक वाक्यं लिहिली होती आणि ती मला आवडली म्हणून वेगळ्या वहीत उतरवूनही ठेवली होती.

दुपारच्या सुट्टीत बुढी आणि वहिनी शाळेच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. बुढी शाळेत कधी येत नसे.

"गुर्जी, कागद द्या."

"पोस्टात टाकला, आजी. ज्याचा त्याला."

बुढी पायरीवरच टेकली. "हिले तिसरा महिना सरून राह्यला," ती म्हणाली. "कोनाले सांगतलं नोतं हिनं. काल तुमच्या तोंडून आयकलं अन् रातभर भिताडाले पाठ लावून बसली."

माझ्या हातात खडू होता. तो मी खिशात ठेवला. अख्खा सदरा पांढरा झाला, ते नंतर दिसलं. वहिनीकडे पाहायचं धैर्य होत नव्हतं. तीच बोलली, नेहमीच्या आवाजात, पण जरा हळू. "गुर्जी, तुमी बराबर पाह्यलं होतं ना? उभाच ना?"

मी खिशातला खडू बाहेर काढला आणि पुन्हा आत ठेवला.

"मंग तुमी बी चाला," बुढी म्हणाली. "थ्या कागदामांगं."

दोन दिवसांनी भाऊंनी आम्हाला दमणीतून जऊळक्याला सोडलं. आगगाडीत बुढी माझ्यासमोर बसली आणि अकोला येईपर्यंत मांडीवरचं गाठोडं आवळून होती. वहिनीनं भाकर सोडली, ठेचा वाढला, मला "खा गुर्जी" म्हणाली. स्वतः खाल्लं नाही. खिडकीतून कापसाच्या पऱ्हाटीची शेतं मागं जात होती. एकदा तिचा तळहात पोटावर गेला आणि मी सवयीनं तिच्या हसण्याची वाट पाहिली. ती हसली नाही. हात मात्र तसाच राहिला. तो या खेपेला टाक्यासाठी नव्हता, आतल्या जिवासाठी होता, हे समजायला मला शरीरशास्त्र लागलं नाही.

डॉक्टरीणबाई चष्म्यातून पाहणाऱ्या, उंच, पुण्याकडच्या. त्यांनी आधी वहिनीला आत नेऊन तपासलं. बाहेर येऊन खुर्चीत बसल्या आणि टेबलावरचं एक पाकीट उचललं. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"हे लिहिणारे गुरुजी आपणच?"

मी उभा राहिलो. वर्गात मुलं राहतात तसा.

त्यांनी माझं पत्र त्या दोघींसाठी मराठी करून वाचलं. "'सदर आकृतीत रुग्णेचे दोन्ही हात दाखवले असून डोके काढावयाचे राहिले आहे. अशा दुहेरी चुका आपल्यासारख्या सुशिक्षित व्यक्तींकडून अपेक्षित नाहीत.'" पत्र खाली ठेवून त्यांनी मी परत पाठवलेला तो कागद, म्हणजे वहिनीचाच, पुढे सरकवला. "गुरुजी, हे पोट नाही. ही पोटातली पिशवी, जिच्यात मूल वाढतं. आणि हे हात नाहीत. या पिशवीला जोडलेल्या नळ्या आहेत. हिला डोकं नसतं."

मग त्या वहिनीकडे वळल्या. त्यांचा आवाज बदलला. "बाई, कातडी मी उभी कापली, कारण त्या वाटेनं आत लवकर पोचता येतं, आणि त्या दिवशी घाई होती. पिशवी मात्र खालच्या पातळ भागात आडवी कापली. तिथला जोड चांगला धरतो. पिशवी वरच्या जाड भागात उभी कापावी लागली असती, तर कळांच्या जोरानं उसवायचं भय जास्त. वरचा वण पाहून आतला छेद कळत नाही. तुमचा आतला आडवा आहे. कागद तुमचाच आहे."

वहिनी त्या चित्रावर वाकली. मग पदराचा काठ दोन बोटांत धरून म्हणाली, "म्हंजे वाकळीवानी. वरच्या लुगड्याचा जोड उभा, अन् आतल्या थराचा जोड आडवा. दोन्ही येगळे शिवलेले."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आता पाहा माय! मी सोता वाकळा शिवतो. अन् गुर्जीनं टरबूज सांगतलं त टरबूज मानलं." तिचा हात पोटावर गेला, आणि त्या खोलीत ती अशी हसली की बाहेरची नर्स डोकावून गेली. बुढी मात्र पदरात तोंड घालून रडत होती. गाडीत दिवसभर जे धरून ठेवलं होतं ते सगळं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की धोका कमी आहे, पण नाहीसा झालेला नाही. घरी कळा सोसायच्या नाहीत. दिवस भरायच्या पंधरा दिवस आधी इथं येऊन राहायचं. बुढी वीस दिवस आधीच सुनेला घेऊन गेली आणि दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहिली. इकडे मी भाऊंसोबत चुलीपाशी बसून करपलेल्या भाकरी खात होतो. भाऊ मला एकदाही टोचून बोलले नाहीत. फक्त जेवताना एखाद्या वेळी टरबुजाचं नाव काढत. तेही ताटात नुसती भाकर असताना.

मग एक दिवस माझ्या नावानं कार्ड आलं. डॉक्टरीणबाईंचं, स्वच्छ मराठीत, वळणदार अक्षरात. "कळा नीट सोसल्या. जोड धरला. चाकूची गरज पडली नाही. मुलगी झाली. दोघी ठीक. गुरुजींच्या सोयीसाठी चित्र काढलेले नाही." मी ते भाऊंना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य वगळणार होतो, पण वगळलं नाही. भाऊ उठून गोठ्यात गेले आणि बऱ्याच वेळानं डोळे पुसत बाहेर आले. पुन्हा मुलगीच म्हणून गावात कोणी काही बोललं असेल. पण बुढी दमणीतून उतरली ती नातीला छातीशी धरून, आणि वेशीपासून घरापर्यंत ज्यानं त्यानं विचारलं त्याला एकच सांगत आली, "सून घरी आनली. चालत आनली."

त्यानंतर मी सहसा कुणाचा कागद वाचला नाही. उलट गावातल्या कुणा बाईचं बाळंतपण अवघड दिसलं, की घरचे आधी वहिनीकडे यायचे आणि ती वाकळीचं एक टोक उलटून त्यांना सांगायची, की वरून काय दिसतं आणि आत काय असतं. "भिऊ नोका. पन दवाखान्याचा कागद सांभाळा. अन् गुर्जीले दाखवू नोका." हे शेवटचं ती मी ऐकत असलो तर मुद्दाम मोठ्यानं म्हणे. त्या गावातून आणि शेजारच्या वाड्यांतून वेळेवर अकोल्याला गेलेल्या बायका मी नंतर पाहिल्या. त्यांच्यापाठी ही बाई होती.

मग माझी बदली झाली, लग्न झालं, नोकरीत फिरत राहिलो. मधून मधून भेट व्हायची. केस पिकले तसा वणही पांढरा पडला म्हणून ती सांगायची. "थो बी म्हातारा झाला गुर्जी, आता पानी आल्यावर सांगते." ती आणि तिचा टाका, चाळीस वर्षांवर त्या दोघांनी संसार केला. ती गेली तेव्हा मला दोन दिवस उशिरा कळलं. मी पोचलो तेव्हा धाकटी मुलगी दारात आली, जिच्यासाठी आम्ही कागदामागं गेलो होतो ती. ती काही बोलणार एवढ्यात तिनं नकळत पोटावर हात ठेवला. तिला टाके नव्हते. आईकडून आलेलं.

वहिनीनं दिलेली वाकळ अजून माझ्या अंथरुणात असते. ती तिनं बदलीच्या दिवशी दिली होती. बदलीच्या गावी, मेडशीला, जायला भाऊंनी दमणी जुंपलेली, बुढी नातींना घेऊन बसलेली. माझे डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून मी वाकळ उलटसुलट करून पाहू लागलो. वर मधोमध एक लांब उभा जोड होता. मला वाटलं, चार वर्षांत आपण काय शिकलो हे दाखवायची हीच वेळ.

"समजलं वहिनी," मी म्हणालो. "वर उभा. म्हणजे आतला आडवा!"

तिचा तळहात पोटावर गेला.

"नाई गुर्जी. यात आतला बी उभाच हाये. थ्या चित्रालेच डोकं नोतं असं नाई."